गाडीत काही दोष नाही

विनय,

गेल्या रविवारी इथल्या मराठी मंडळाने तुझ्यासाठी शोकसभा घेतली. त्याच चर्चच्या हॉलमध्ये, जिथे आपण दर कार्यक्रमाला खुर्च्या मांडतो आणि सगळे गेले की पुन्हा रचून ठेवतो. या वेळी खुर्च्या दुसऱ्या कुणीतरी मांडल्या होत्या आणि त्या वाकड्यातिकड्या लागल्या होत्या. टेबलावर तुझा फोटो, त्याला हार, समोर निरांजन. फायर अलार्म वाजेल म्हणून उदबत्ती लावली नव्हती. एकामागून एक माणसं उठून बोलली. शब्द वेगवेगळे, पण सांगणं एकच, की विनयने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. कुणाला तू मँचेस्टरच्या विमानतळावरून आणलं होतंस, कुणाचा सोफा हलवला होतास, कुणाच्या भारतातून आलेल्या आईवडिलांना डेल्सच्या सगळ्या डोंगरदऱ्या फिरवून दाखवल्या होत्यास. आपली सई माझ्या शेजारी बसली होती आणि तिने माझा हात घट्ट धरला होता. मी उठून भलतंच काही बोलेन अशी तिला भीती वाटत असावी.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली. लोकांना वाटलं, बिचारीच्या तोंडून शब्द फुटत नाही. शब्द भरपूर होते. मला एवढंच सांगायचं होतं की तुमची माहिती अर्धवट आहे. हा माणूस नाही म्हणायचा. मला म्हणायचा. बाहेर जेवढ्या वेळा हो म्हणून यायचा, त्याची भरपाई घरी करायचा. पण तिथे ते बरं दिसलं नसतं, आणि तुला तर बरं दिसण्याचं फार. म्हणून इथे लिहिते आहे. गाडीचा विषय काढला की तू टीव्हीचा आवाज वाढवायचास. आता ती सोय नाही.

गाडी चालवायला मला तूच शिकवलंस हे मी विसरलेले नाही. लंडनच्या हाउन्सलोला आपण नवे होतो. रविवारी सकाळी दुकानं उघडण्याआधी त्या मोठ्या कार पार्कमध्ये आपण आपली जुनी छोटी लाल गाडी घेऊन जायचो. मी क्लच सोडताना गाडी आचके द्यायची आणि तू खिडकीबाहेर बघत एखादं गाणं गुणगुणायचास, म्हणजे मला ओशाळं वाटू नये. एकदाही आवाज चढवला नाहीस. मी पहिल्याच झटक्यात टेस्ट पास झाले आणि तू तीन वेळा नापास झाला होतास, हे तू स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायचास. तो विनय मला फार आवडायचा. पुढे तो कुठे गेला, याचा मी बरीच वर्षं शोध घेत होते.

मग तुझी नोकरी लीड्सला आली, आपण ओटलीच्या चढावर घर घेतलं, आणि तुला ती हिरवी फोर बाय फोर दिसली. एका शेतकऱ्याच्या आवारात उभी होती. लांबलचक, उंच, जरा गंजलेली. एरवी मागची चाकं गाडी ढकलणार, आणि गिअरच्या शेजारचा दुसरा दांडा ओढला की चारही चाकं कामाला लागणार. तू तो दांडा दहादा मागेपुढे करून पाहिलास. मी म्हटलं, आपल्याला एवढी गाडी कशाला? तू म्हणालास, बर्फात कळेल. आणि खरंच कळलं. पहिल्या हिवाळ्यात त्या गाडीने नाव ठेवायला जागा दिली नाही. मी डोंगरापलीकडच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आपल्या रस्त्यावर कौन्सिलची बर्फावर मीठ टाकणारी गाडी फिरकत नसे. बाकीचे शिक्षक बर्फाच्या दिवशी फोन करून रजा टाकायचे आणि मी आपली वेळेवर हजर. हेडमास्तरीण बाई मला म्हणाल्या होत्या की इंडियातून आलेल्या बाईने यॉर्कशायरच्या लोकांना लाजवलं. ते मी घरी सांगितलं तेव्हा तू उठून मला वाकून सलाम केला होतास.

त्याच उन्हाळ्यात चर्चवाल्यांनी हॉलमधलं कपाट परत मागितलं. मंडळाचं सगळं सामान त्या कपाटात होतं. मीटिंग झाली. कुणाचं गॅरेज भरलेलं, कुणाचं घर भाड्याचं, कुणाच्या बायकोला चालणार नव्हतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा तुझ्याकडे वळल्या असणार. विनयची गाडी मोठी आहे, तात्पुरतं ठेवू. मोठी पातेली, पराती, झारे, दोन लोखंडी शेगड्या, स्टेजचे लोखंडी घोडे, दोन स्पीकर आणि त्यांचा ॲम्प्लिफायर, गणपतीच्या मखराचे खांब, सतरंज्या. आणि साताऱ्याच्या त्या आजींचा पाटा-वरवंटा, जो त्यांनी मुलाकडे येताना जहाजाने मागवला आणि मुलगा फ्लॅटमध्ये गेल्यावर मंडळाला दान केला. त्यावर आजवर कुणी एक मिरचीही वाटलेली नाही. मागच्या सीटच्या पाठीमागे, थेट दारापर्यंत, तू हे सगळं इतकं नीट बसवलंस की वर एक चादर टाकल्यावर दिसेनासं झालं. मी म्हटलं, किती दिवस? तू म्हणालास, होऊन जाईल ना गं काहीतरी. तुझ्या नागपूरच्या घरी सगळे प्रश्न याच वाक्याने सुटायचे, असं तुझ्या आईंनीच मला सांगितलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात गाडी बदलली. डोंगर उतरताना चर्चच्या भिंतीपाशी डावं वळण आहे, तिथे मी स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. वेग नव्हता. चारही चाकं जोडलेली होती. स्टिअरिंग हातात असं हलकं झालं जणू खाली चाकंच नाहीत, आणि मग मागची बाजू आपल्या मनाने उताराकडे निघाली. भिंतीच्या वीतभर अलीकडे आम्ही थांबलो. मागे सई होती. तिने विचारलं, "आई, हे तू मुद्दाम केला?" मी हो म्हटलं.

त्यानंतर आपण गाडीमागे लागलो. आपण म्हणजे आधी खरंच दोघं. टायरमधली हवा कमीजास्त करून पाहिली. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले होते, म्हणून चारही सारखे, बर्फाचे म्हणतात ते घातले. चाकांची रेघ, म्हणजे अलाइनमेंट, जुळवून घेतली. मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलले. पुढची चाकं दांडा ओढल्यावर खरोखर जोडली जातात का, हे पाहायला तू भर थंडीत गाडीखाली निजलास आणि मी खिडकीतून दांडा मागेपुढे करत होते. समोरून येणारे लोक आपल्याला दिवे मारायचे. तू म्हणायचास, फोर बाय फोरवाले एकमेकांना ओळख देतात. तू पण त्यांना हात करायचास. आपल्या गाडीचं नाक वर उचललं गेलंय आणि आपले दिवे त्यांच्या डोळ्यांत जातायत, हे तेव्हा आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आणि दर वेळी गाडी गॅरेजला न्यायच्या आदल्या दिवशी तू काय करायचास? गाडी रिकामी करायचास. सगळं सामान उतरवून आपल्या त्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये रचायचास, इतकं की स्वयंपाकघरात जायचं तर मला आडवं होऊन जावं लागायचं. मग गाडी धुवायची, आत व्हॅक्यूम फिरवायचा, काचा पुसायच्या. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तशी. परक्या माणसाने आपल्या गाडीत चादरीखाली पातेली का बघावीत, असं तुला वाटायचं. मलाही त्यात काही वावगं वाटायचं नाही, माझ्या आईनेही तेच केलं असतं. मी स्वतः पराती आत आणायला मदत केली आहे. गॅरेजवाला कीथ ती चकचकीत रिकामी गाडी घेऊन चढावर एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "नथिंग राँग विथ हर, मेट." वार्षिक तपासणीत, त्या एमओटीतही, दिवे अगदी जागेवर. तू घरी यायचास, सामान पुन्हा भरायचास, चादर टाकायचास.

मग एके दिवशी तू जेवताना म्हणालास, गाडीत काही दोष नाही. एवढंच म्हणालास आणि माझ्याकडे न बघता भात कालवलास. उरलेलं वाक्य मला कळलं. गाडीत दोष नाही, म्हणजे तो गाडी चालवणाऱ्या बाईत असणार.

वाढदिवसाला तू मला हिवाळी ड्रायव्हिंगचा धडा भेट दिलास. पाकिटावर रिबन होती. एका मास्तराने मला त्याच्या छोट्या गाडीतून बर्फावर दोन तास फिरवलं आणि शेवटी विचारलं की तुम्ही नेमक्या कशासाठी आला आहात. मी तुला ते सांगितलं तर तू म्हणालास, बघ, शिकलीस ना. मंडळात तोवर वहिनी आणि बर्फ हा विनोद झाला होता. भांगडा असो की भारूड, सूत्रसंचालन करणारा त्यावर एक कोटी करणार, आणि हॉल हसणार, आणि तूही हसणार. वाईट हसायचा नाहीस. प्रेमाने हसायचास. ते जास्त लागायचं. थंडी सुरू झाली की मी गाडीला हात लावेनाशी झाले. दोन बस बदलून शाळेत जायचे, सकाळी अंधारात निघून संध्याकाळी अंधारात परत. एका बर्फाळ आठवड्यात बस बंद पडल्या आणि मी चार दिवस शाळेत पोचले नाही. उन्हाळ्यात मी ती नोकरी सोडली आणि घराजवळच्या शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून लागले. बाटल्या धुवायच्या, चिठ्ठ्या लावायच्या. तू म्हणालास, बरं झालं, दगदग वाचली.

मी चार पिढ्यांच्या मास्तरांच्या घरातली मुलगी. फळ्यासमोर उभं राहणं ही एकच गोष्ट मला मनापासून यायची. ती मी सोडली, कारण मला गाडी चालवता येत नाही असं माझ्या नवऱ्याने ठरवलं आणि हळूहळू मीही मान्य केलं. हे मी तुला कधी या शब्दांत सांगितलं नाही. आता सांगते.

मागच्या हिवाळ्यात तू कामासाठी लंडनला होतास आणि गॅरेजमधून गाडी आणायला मला जावं लागलं. सकाळभर बर्फ पडत होता. मी कीथला म्हटलं, मला घरी सोडशील का, तर त्याच्याकडे माणूस नव्हता. मग निघाले. चढ चढले, पलीकडचा उतार लागला. चर्चच्या भिंतीपाशी आले, श्वास रोखला, स्टिअरिंग फिरवलं. गाडी वळली. इतकी साधी वळली की मी पुढे जाऊन वळसा घेतला आणि पुन्हा त्याच वळणावर आले. पुन्हा वळली. मी एकटी गाडीत मोठ्याने हसत होते. घरी आले, दार उघडलं, आणि पॅसेजमध्ये मंडळाचं सामान माझी वाट अडवून उभं होतं. पाटा-वरवंट्यावरून उडी मारताना माझी ट्यूब पेटली.

तू आलास तेव्हा मी स्वयंपाकघराच्या टेबलावर फूटपट्टी आणि दोन खोडरबर घेऊन तयार होते. तुला दाखवलं. हे मागचं चाक, इथे पट्टी टेकली. त्याच्याही मागे वजन ठेवलं की पुढचं टोक वर उचललं जातं. पुढची चाकं हलकी होतात, आणि वळवायचं काम पुढच्या चाकांचं. शिवाय एकदा गाडी घसरली की तेच वजन शेपटीला ओढत नेतं. तू म्हणालास, इथले शेतकरी थंडीत मुद्दाम पिकअपच्या मागे वाळूची पोती टाकतात, वजनाने गाडी रस्त्यावर बसते. मी म्हटलं, ते चढायला, मागची चाकं जागच्या जागी फिरत राहू नयेत म्हणून. वळायला नाही, आणि थांबायला तर मुळीच नाही. तू पट्टीकडे पाहिलंस. तू इंजिनिअर होतास विनय. तुला कळलं होतं. तुझ्या चेहऱ्यावर मला ते दिसलं, आणि लगेच तो चेहरा बंद झाला.

"घरात शाळा नको, अनघा," तू म्हणालास.

मी म्हटलं, तू मंडळाला सांग, सामान दुसरीकडे न्या. तू म्हणालास, नाही. असं चटकन, स्पष्ट, नाही. असं नाही तुला बाहेर एकदा जरी म्हणता आलं असतं तर तुझी ही बायको आज दहावीच्या मुलांना तरफेचं तत्त्व शिकवत असती. मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही. तू रोज सकाळी माझ्या आधी उठून माझ्यासाठी चहा करून ठेवायचास, त्यावर बशी झाकून. तो चहा मी प्यायचे. आभार मानायचे नाही. तुझी माफी मागायची पद्धत तीच होती, हे मला माहीत होतं, पण मला चहा नको होता.

आणि गाडीचंच कशाला? सर्जरीत, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यात, ब्लड प्रेशर तपासायला जायच्या आधीही तू हेच करायचास. आठवडाभर लोणचं नाही, पापड नाही, नऊ वाजता अंथरुणात, सकाळी फिरायला. डॉक्टरकडे जाताना नवा बनियन. नर्स म्हणायची, लव्हली, आणि तू घरी येऊन मला आकडे ऐकवायचास. त्याच संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवडे, घोडे उचलणं, स्पीकर जिन्यावरून नेणं. त्या नर्सने एक माणूस तपासला. तो माणूस आपल्या घरी राहत नव्हता. तू खरा कसा आहेस हे तू एकाही जाणकाराला बघू दिलं नाहीस, आणि जी रोज बघत होती तिला म्हणालास, तुला सगळीकडे काहीतरी दिसतं.

त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. दुपारी तुझ्या ऑफिसमधून फोन आला. मी प्रयोगशाळेत होते, हातात रबरी हातमोजे. बसने लीड्सला पोचले तोवर तू संपला होतास. डॉक्टरीण बाई माझ्याशी फार चांगलं बोलल्या. हृदयाचं दुखणं बरेच दिवस चालत आलेलं असणार, त्या म्हणाल्या, काही तक्रार करायचे का? मी म्हटलं, नाही, ते तक्रार करत नसत. त्यांना ते कौतुक वाटलं.

रविवारच्या सभेनंतर कोट घालत होते तेव्हा खांबेटे काका जवळ आले. ते मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांचे काका, आयुष्यभर इथे अकाउंटंट म्हणून काम केलेले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अडखळत म्हणाले, "अनघा, त्या सामानाचं काहीतरी बघायला हवं. घाई नाही." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. निरांजन अजून विझलं नव्हतं आणि यांना पाडव्याची पातेली आठवली. मी बघते म्हटलं आणि बाहेर पडले.

गाडी तुझ्या ऑफिसच्या कार पार्कमध्येच होती. त्यांनी फार सभ्यपणे कळवलं होतं की ती हलवावी लागेल. काल शनिवारी मी आणि सई बसने गेलो. दोन दिवसांपूर्वीचा बर्फ कडेला साचून काळा पडला होता. गाडीत तुझा मफलर होता. सईने तो गळ्यात घातला आणि मला म्हणाली, "आई, टॅक्सी करू या? गाडी नंतर कोणीतरी आणेल." मी म्हटलं, कोण आणेल? तिने शेजारी बसून पट्टा लावला. ती घाबरली होती, तरी बसली. लहानपणापासून तिनेही तो विनोद ऐकलेला आहे.

मी घरी गेले नाही. सरळ हॉर्सफर्थला खांबेट्यांकडे निघाले. मोठे रस्ते साफ होते, पण त्यांच्या गल्लीत बर्फ गोठून काच झाला होता. वळताना नाक बाहेर गेलं, शेपूट हललं, सईने डॅशबोर्ड धरला. मला माहीत होतं काय होणार ते, म्हणून मी पहिल्या गिअरमध्ये रांगत होते. गाडी काकांच्या दारात उभी केली, मागचं दार उघडलं, चादर ओढून काढली आणि सामान उतरवायला सुरुवात केली. पातेली, पराती, घोडे. सईने काही न विचारता दुसरं टोक धरलं. शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याने पडदा सरकवला. पातेल्याचा आवाज ऐकून काका स्वेटर आणि कानटोपीत बाहेर आले.

मला वाटलं होतं ते म्हणतील, अगं, आज कशाला, एवढी घाई कशाला. मी उत्तर तयार ठेवलं होतं. इतक्या वर्षांची सगळी उत्तरं तयार होती. काका सरळ पायऱ्या उतरून आले आणि स्पीकर उचलायला लागले. त्यांच्या वयाला ते झेपत नव्हतं. सगळं उतरलं, पाटा-वरवंटा शेवटी, तिघांनी मिळून. मग ते तिथेच बर्फात उभे राहिले.

"हे मी जानेवारीतच न्यायला हवं होतं," ते म्हणाले. "तो मला बोलला होता."

मी विचारलं, काय बोलला होता.

"संक्रांतीचा कार्यक्रम झाला, त्यानंतर कमिटीची मीटिंग होती ना इथे. सगळे गेल्यावर थांबला. म्हणाला, काका, सामान हलवा. गाडी सामानाने घसरते. अनघा कधीची सांगते आहे आणि ती बरोबर आहे. मी तिला उगाच खोटं पाडत आलो."

सईने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, मग?

"मग मी म्हटलं, पाडव्यापर्यंत कळ काढ. तो बरं म्हणाला." काकांनी कानटोपी काढून हातात धरली. "रविवारी सभेत मला हे सगळ्यांसमोर सांगायचं होतं. उठलो, आणि भलतंच बोलून बसलो."

त्यांनी चहाला आत बोलावलं. मी नको म्हटलं आणि निघाले.

विनय, त्या मीटिंगहून तू घरी आलास तेव्हा मी जागी होते. कणीक मळून ठेवत होते. मी विचारलं होतं, काय झालं मीटिंगमध्ये? तू बूट काढत म्हणालास, नेहमीचंच. त्यानंतर तू तीन आठवडे आपल्या घरात राहिलास. रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून जेवलास. मीठ दे म्हणालास, सईचे मार्क विचारलेस, बॉयलरवाल्याला फोन कर म्हणालास. एवढी वाक्यं बोललास, आणि ते एक वाक्य, जे तू खांबेट्यांच्या दिवाणखान्यात अख्खं, नीट, माझं नाव घेऊन बोलून आला होतास, ते माझ्यापर्यंत आलं नाही. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं. त्यांच्या नाही. त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं, आणि मला आला तो संताप.

घरी येताना डोंगरावर बर्फ होता. गाडी रिकामी होती आणि छान चालत होती. सई म्हणाली, "आई, तुझा ड्रायव्हिंग खरंच चांगला आहे." मी थँक यू म्हटलं. घर आलं तेव्हा कळलं की मी सगळा रस्ता रडत आले होते आणि तिने एकदाही तसं म्हटलं नाही.

तुझी पंचाईत मला कळते. बाहेरच्यांसमोर चूक कबूल केली की माणूस मोठा ठरतो. घरी कबूल केली की रोज तिच्याबरोबर राहावं लागतं, ती ताटात समोर बसते. मी ती चूक उगाळली असती का? असती, थोडी. दोन दिवस मी तुला टोमणे मारले असते. फूटपट्टी काढली असती. पण मग तुझ्या गाडीतलं ते सगळं सामान मी एकटीने उतरवून खांबेट्यांच्या दारात नेऊन टाकलं असतं, तुला त्यांच्याशी एक शब्द बोलावा लागला नसता, आणि परत येऊन आपल्या दोघांसाठी चहा मी टाकला असता.